बंकामागची विहीर

आमच्या घरापुढे पेट्रोल बंक होता. इथे बेंगळुरात पंपाला बंकच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा तो शब्दही मला नवा होता. राजाजीनगरातली ती जागा आमच्या घरचीच. सासऱ्यांनी रस्त्याकडचा तुकडा तेलाच्या कंपनीला कराराने दिला होता आणि मागच्या तुकड्यात घर बांधलं होतं. दोहोंच्या मध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, विहीर. भिंतीपलीकडे जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या पुरल्या आहेत हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, पेट्रोल त्या उभ्या यंत्रातच असतं.

घरात सगळे सासूबाईंना अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. या लोकांना बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या आहेत की किती ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण मधे मधे 'सरी', 'स्वल्प' म्हणजे 'बरं', 'जरा' असं कानडी चालू असतं. मी निपाणीकडच्या खेड्यातली. माझी चौथी झालेली. पाठची भावंडं सांभाळायला घरात कोणी नव्हतं म्हणून पाचवीत घातलं नाही. आधीच मी कमी बोलणारी, त्यात इथलं बोलणं निराळं. पहिलं वर्षभर मी नुसती मान हलवत होते.

घरात नळाला कावेरीचं पाणी होतं. सगळे तेच पीत. फक्त अक्का आणि देव विहिरीचं पाणी पीत. नळाच्या पाण्याला सोवळं नाही, असं अक्कांचं म्हणणं. कुठल्या कुठल्या पाइपातून येतं, कोण कोण हात लावतं. विहिरीचं पाणी अंघोळ करून, ओलेत्याने, कोणाला न शिवता ओढायचं, तांब्याच्या घागरीत भरायचं, फडक्याने गाळायचं. त्यातलंच देवाला, त्यातलंच अक्कांच्या पिण्याला आणि अक्कांच्या भाताला. तोवर ते अक्का स्वतः ओढत. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी घागर वर आली तेव्हाच मला वास आला. घागरीच्या तोंडाशी असतानाच. फार नाही, पण होता. रॉकेलची बाटली धुऊन तिच्यात पाणी भरलं तर येईल तसा. मी पाणी गाळलं, पुन्हा वास घेतला. होताच. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना सांगितलं. त्या घरात आपणहून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य असेल.

"अक्का, पाण्याला वास येतोय."

अक्का भाजी चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसला?"

"रॉकेलसारखा."

"तुमच्याकडे म्हशी डुंबतात त्या तळ्याचं पाणी पितात ना? मग चांगलं पाणी नाकाला झोंबायचंच."

दुपारी जेवताना त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. थोरले दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते हसून हसून खोकले. "अगं, बंकाशेजारी राहतेस, पेट्रोलचा नाही तर काय चाफ्याचा वास येणार?" त्या दिवसापासून अण्णा मला 'नाकवाली' म्हणू लागले. नाकवाली, कॉफी आण. नाकवाली, चप्पल कुठे आहे, वासाने शोध. हे म्हणजे माझे मालक, ते खाली मान घालून जेवत होते. खोलीत आल्यावर मी त्यांना म्हटलं, खरंच वास येतोय हो. ते म्हणाले, "येत असेल. अक्कांच्या तोंडी लागू नकोस."

मी लागले नाही. पण पुढच्याच चैत्रात गौरीचं हळदीकुंकू झालं. कोसंबरी, पानक, आंब्याची डाळ, वीसेक बायका. अक्कांना माणसं जमवायला आवडायचं आणि जमलेल्या माणसांना काहीतरी दाखवायला आवडायचं. त्या वर्षी त्यांनी मला दाखवलं. "आमच्या सुनेचं नाक बघा," म्हणाल्या, "दुसरं काही आणलं नाही हिने माहेराहून." माझ्याच पदराने माझे डोळे बांधले आणि बायकांना सांगितलं, आणा एकेक.

मी मधोमध पाटावर बसले होते. कोणी कॉफीची पूड धरली. मी सांगितलं. कोणी तपकीर धरली. सांगितलं. हिंग, सुंठ, चिंच, रॉकेलची चिंधी, एका बाळाचं ओलं दुपटं. मी सगळं बरोबर सांगत गेले, आणि प्रत्येक वेळी हसणं वाढत गेलं. "पोलिसात द्या हिला, कुत्रं ठेवायला नको," असं कोणीतरी म्हणालं. खरं सांगायचं तर एका क्षणी मला बरंही वाटू लागलं होतं. मग अक्कांच्या बांगड्यांचा आवाज जवळ आला आणि नाकाखाली थंड तांब्या टेकला.

"हे सांग आता."

विहिरीचं पाणी होतं. सगळ्या बायका गप्प झाल्या. त्यांना रॉकेलची गोष्ट आधीच सांगितलेली असणार.

"सांग ना. कसला वास आहे?"

मी म्हटलं, "कसलाच नाही."

"मोठ्याने."

"कसलाच वास नाही, अक्का. चांगलं पाणी आहे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी पदर सोडला, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "शिकली." मग तोच तांब्या त्यांनी सगळ्यांसमोर तोंडाला लावला.

मला त्या वेळी वाटलं, यांनाही वास येतो. येतो, पण आपल्या सासरची विहीर, आपलं सोवळं, म्हणून हट्टाने पितात. मोठ्या माणसांचा हट्ट असतो. त्यात मी काय बोलणार? मी रोज पाणी ओढत राहिले. माझ्यासाठी मात्र मी नळाचा पेला भरून दाराआड उभ्याने पिऊन घेत असे.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. वास कमी-जास्त व्हायचा. पावसाळ्यानंतर वाढायचा. विहिरीजवळचं कढीलिंबाचं झाड आधी एका बाजूने सुकलं, मग सगळंच. अक्कांच्या हाताचं कातडं निघू लागलं, बोटांना भेगा पडू लागल्या. सकाळी मळमळतं म्हणायच्या. डॉक्टर मलम द्यायचे, पित्ताच्या गोळ्या द्यायचे.

एकदा दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते, तर गॅसचा वास आला. मी पळत आले. स्वयंपाकघराच्या दाराशीच डोकं भणाणलं इतका वास. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. आणि अक्का तिथेच, शेगडीपासून दोन हातांवर, देवापुढे बसल्या होत्या. समईत तेल घालून झालं होतं. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी काड्यापेटी हिसकावली. सासूच्या हातातून मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट हिसकावली आहे. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं न समजणं होतं. मग त्यांची नजर शेगडीकडे गेली, माझ्या नाकाला लावलेल्या पदराकडे गेली, आणि त्या घाईने म्हणाल्या, "हो, हो. मलाही आलाच होता वास. उठणारच होते."

त्या उठणार नव्हत्या. काडी ओढणार होत्या.

पुढचे दोन दिवस मी जुन्या गोष्टी आठवत होते. दूध नासलंय का, हे त्या नेहमी दुसऱ्याला विचारत. "बघ ग, तुला येतं का," असं, परीक्षा घेतल्यासारखं. फोडणी करपली की कोणी ओरडल्यावरच त्या वळत. तिसऱ्या दिवशी फुलवाली आली. मी मोगरा घेतला नाही. नुसत्या कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा घेतला. अबोलीला वास नसतो, तो कोणालाच येत नाही. गजरा अक्कांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आज फुलं छान आहेत." त्यांनी गजरा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा. काय घमघमाट सुटलाय."

अक्कांना वास येतच नव्हता. कधीच येत नसावा. आणि ते त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं.

आता हे मी लिहिते आहे ते कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी त्यांना सांगू शकले असते. अक्का, तुम्हाला कळत नाही, पण पाण्याला वास आहे, पिऊ नका. बायका नव्हत्या, अण्णा नव्हते, घरात आम्ही दोघीच होतो. काड्यापेटीच्या प्रसंगापासून त्या माझ्याशी जरा मऊ बोलतही होत्या. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ओलेत्याने विहिरीवर गेले, घागर भरली, फडक्याने गाळली, तांब्या भरून त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहून त्या पिताना बघितलं. पाण्यावर कधी कधी तेलकट रंग दिसायचे. त्यांचे डोळे अधू झाले होते, त्यांना ते दिसत नसत. पूर्वी मी भीतीने गप्प होते. त्या दिवसापासून भीती नव्हती. त्यांचा घसा वर-खाली होताना बघून मला आतून शांत वाटायचं. नाकवाली म्हणून हाक मारली की मी मनात म्हणायचे, उद्या सकाळी तांब्या आहेच.

असं मी आणखी सतरा वर्षं केलं.

गेल्या वर्षी बंकाचा करार संपला. अण्णांना सगळी जागा, घरासकट, विकायची होती. एका मोठ्या बिल्डरला ती हवी होती, पण त्याची अट होती: टाक्या काढा, खालची माती तपासा, माती स्वच्छ असल्याचा कागद आणा, मग सही. अण्णा म्हणाले, दोन आठवड्यांचं काम आहे. हे निवृत्त होऊन घरीच होते, ते "बरं" म्हणाले.

आधी यंत्रं उचलून नेली. मग टाक्यांतलं उरलेलं पेट्रोल काढलं. मग टाक्यांत पाणी भरून उपसलं, म्हणजे आत वाफ राहू नये. लोखंडी टाकीत वाफ राहिली आणि ठिणगी पडली तर सगळी गल्ली उडेल, असं ती माती तपासायला आलेली मुलगी म्हणाली. ती पुण्याची. कंपनीने नेमलेली. सर्जापूर रोडला राहायची आणि इथपर्यंत यायला दोन तास लागतात म्हणून रोज बसमध्ये झोपून यायची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट. घरातून मराठी ऐकू आलं म्हणून पहिल्याच दिवशी फाटकाशी येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी? अय्या, मला प्लीज बाथरूम वापरू द्याल का?" त्यानंतर ती रोज माझ्या हातची कॉफी प्यायची.

अण्णांनी आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं. "ती पोरगी विहिरीचं विचारणार. विहीर बंद आहे, कोणी वापरत नाही, एवढंच सांगायचं. कळलं का, नाकवाली?" मी मान हलवली. त्यांचं बोलणं पुरं होतंय तोवर मागच्या दारातून अक्कांचा खणखणीत आवाज आला, "पाणी ओढलंस का ग? देव पारोसे बसलेत!" ती मुलगी फाटकाशीच उभी होती. तिने अण्णांकडे पाहिलं, मग विहिरीवरच्या ओल्या दोराकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

टाक्या निघाल्या त्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमली होती. क्रेनने पहिली टाकी वर आली. डांबर फासलेली, काळी, म्हशीसारखी. तिच्या अंगावरून वाळू ओघळत होती. दुसरीही तशीच, धड. तिसरी भिंतीजवळची होती, आमच्या विहिरीकडची. ती वर येताना खालून ठिबकत होती. क्रेनवाल्याने ती जरा फिरवली तेव्हा दिसलं. तिच्या बुडाला बोट जाईल अशी भोकं होती. एक नाही, ओळीने. आणि तिच्याखालची वाळू पिवळी नव्हती, करडी-हिरवी होती. वास असा आला की लोक मागे हटले. बायकांनी पदर, पुरुषांनी रुमाल, त्या मुलीने तोंडावर मुसकं चढवलं.

फाटकाशी अक्का उभ्या होत्या. काठी टेकून, तोंड उघडं, नाक उघडं. "निघाली का सगळी?" विचारत होत्या. शंभर माणसांत ते एकच उघडं तोंड. मला वाटलं, आता सगळ्यांना कळेल. यांना वास येत नाही हे कळेल, मग विचारतील, यांना पाणी कोण देत होतं?

त्या मुलीला दिसलं. ती जवळ येऊन म्हणाली, "आजी, तुम्हाला त्रास नाही होत?"

"आम्हाला सवय आहे," अक्का म्हणाल्या.

दुपारी ती खड्ड्याच्या बुडातून आणि बाजूंनी माती काढत होती. काचेच्या बरण्या, काठोकाठ भरायच्या, वर हवा राहू द्यायची नाही, झाकण लावून बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. त्या प्रयोगशाळेत जायच्या. त्याशिवाय थोडी थोडी माती पिशव्यांत भरून तिने उन्हात ठेवली होती. तिच्याकडे नळी असलेला एक पिवळा डबा होता. पिशवीला भोक पाडून नळी आत घालायची, डबा आतली हवा ओढतो आणि आकडा दाखवतो. "हे आमचं नाक," ती म्हणाली. मी कॉफी घेऊन उभी होते. पिशव्या बांधलेल्या होत्या, तरी मला तीन हातांवरून कळत होतं. मी न राहवून म्हटलं, "ती डावीकडची सगळ्यांत वाईट. मग ती कोपऱ्यातली. ही पुढची चांगली आहे."

तिने हसून तपासलं. डबा डावीकडच्या पिशवीला किंचाळायला लागला. मग कोपऱ्यातली. पुढच्या पिशवीला जवळजवळ गप्प.

"काकू! तुम्ही तर मशीनच्या आधी! कमाल आहे तुमची."

पंचवीस वर्षांत माझ्या नाकाला कोणी चांगलं म्हणालं ते तेवढंच. आणि लगेच तिने विचारलं, अगदी सहज, कॉफीचा घोट घेता घेता, "मग विहिरीच्या पाण्याचा वास तुम्हाला कधीपासून येतोय?"

मी ट्रे उचलला आणि आत निघून गेले. तिने मागून दोनदा हाक मारली. मी मोरीत जाऊन दार लावलं आणि नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी तिने विहिरीचंही पाणी नेलं, बोटाएवढ्या बाटल्यांत. अण्णा नको नको म्हणत होते. अक्काच म्हणाल्या, "नेऊ दे. आमच्या विहिरीचं पाणी गंगेसारखं आहे, कळू दे त्यांना." निकाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, असं ती मुलगी जाताना मला सांगून गेली होती. अक्कांना सांगा, म्हणाली. मी अक्कांना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घागरीत मी नळाचं पाणी भरू लागले. ओलेत्याने विहिरीवर जायचं, दोर भिजवायचा, आणि मोरीतल्या नळाखाली घागर धरायची. दोन आठवडे अक्का कावेरी पीत होत्या. मला वाटत होतं, एवढ्यात सगळं निभावून जाईल.

कागद घेऊन ती मुलगी आली तेव्हा दिवाणखान्यात अण्णा, हे, अक्का आणि दाराशी मी. अण्णा म्हणाले, "इंग्लिशमध्ये सांगा, तेच बरं." अक्का म्हणाल्या, "का? विहीर माझी आहे. मराठीत बोल ग पोरी."

तिने मराठीत सांगितलं. टाकी बरीच वर्षं गळत होती. पेट्रोल मातीतून विहिरीपर्यंत गेलं आहे. विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही, धुण्याजोगंही नाही. किती वर्षं, हे नक्की सांगता येत नाही. आणखी खोल माती काढावी लागेल. प्यायल्याने शरीराला काय झालं असेल, हे अण्णांनी विचारलं नाही, ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ते डॉक्टर सांगतील, काका. मी मातीचं सांगते."

अण्णांनी डोक्याला हात लावला. अक्का मात्र हलल्या नाहीत. "हे कागद काय सांगतात," म्हणाल्या, "कागदाला नाक असतं का?" मग माझ्याकडे वळल्या. "विहिरीचा तांब्या भरून आण. माझ्यासमोर ओढ."

खिडकीतून विहीर दिसते. त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. नळाकडे वळायला वाव नव्हता. मी घागर सोडली, ओढली, तांब्या भरला आणि आत आणला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्याच नाकाखाली धरला. तसाच, त्या चैत्रात हळदीकुंकवाला धरला होता तसा.

"मला वास येत नाही," अक्का म्हणाल्या. सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात. "लहानपणापासून नाही. माझ्या पोटच्या पोरांना हे ठाऊक नाही. हिला ठाऊक आहे. काड्यापेटी घेतली तेव्हाच हिला कळलं, आणि हिला कळलंय हे मला कळलं. त्यानंतर मी हिच्याच नाकाच्या भरवशावर होते. काही असतं तर हिने मला पिऊ दिलं नसतं." मग मला म्हणाल्या, "तू सांग. तू नाही म्हणालीस तर मी आत्ता हा तांब्या पिईन आणि हे कागद चुलीत घालीन."

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की नाही म्हण. ती मुलगी काही बोलायला गेली, तर ह्यांनी तिला हाताने थांबवलं. पाण्याचा वास माझ्या नाकातून डोक्यात जात होता. नाही म्हटलं असतं तर त्या प्यायल्या असत्या. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

मी म्हटलं, "येतो."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून."

"चैत्रात नाही म्हणालीस."

"तुम्हीच म्हणवून घेतलंत, अक्का."

हे त्यांना पटलं असावं. मग म्हणाल्या, "आणि काड्यापेटीनंतर?"

मी त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघत राहिले. अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि बघता बघता त्यांना ते दिसलं. तांब्या त्यांनी हळूच खाली टेबलावर ठेवला. एक थेंब सांडू दिला नाही.

विक्री अडली ती अडलीच. माती काढणं अजून चालू आहे. अण्णा आता मला कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत. विहिरीवर लोखंडी झाकण बसलं. अक्कांना डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं. सतत तपासत राहायला सांगितलं आहे.

त्या दिवसापासून अक्का माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. नळाचंही घेत नाहीत, कारण तो नळ मी सोडेन. त्यांच्यासाठी वीस लिटरचे कॅन येतात. जन्मभर ज्यांनी नळाला सोवळं नाही म्हटलं, त्या दुकानातल्या प्लास्टिकच्या कॅनचं पाणी देवालाही घालतात. कॅन आणणारा माणूस सील त्यांच्यासमोर तोडतो. मग त्या त्याला म्हणतात, "स्वल्प वासने नोडप्पा." जरा वास बघ बाबा. तो वाकून हुंगतो आणि म्हणतो, "येनू इल्ला, अज्जी." काही नाही. मग तोच तांब्या भरून देतो. मी दाराशी उभी असते. मला त्या विचारत नाहीत.

परवा तो कॅन बहुतेक दिवसभर उन्हात राहिलेला असावा. सील तुटलं आणि मला दारापर्यंत वास आला, तापलेल्या प्लास्टिकचा, उग्र. त्या माणसाने हुंगलं, सर्दी झाली असेल त्याला, म्हणाला, येनू इल्ला. तो तांब्या भरू लागला.

"अक्का, ते पिऊ नका," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. "खरंच वास येतोय."

अक्कांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाल्या, "हाकप्पा." ओत बाबा. त्याने तांब्या काठोकाठ भरला. अक्कांनी तो तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.